वीस मिनिटांचा पेपर

श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी मराठीत दोन ओळी कोरलेल्या आहेत, हे आपण सगळ्यांनी शाळेत घोकलेले असते. पहिली चावुंडरायाने मूर्ती करविल्याची, दुसरी गंगराजाने भोवतीचे सुत्तालय, म्हणजे ओवऱ्या, करविल्याची. मराठीतला सर्वांत जुना लेख हा की अलिबागजवळच्या अक्षीचा, हा वाद अजून मिटलेला नाही. मिटूही नये, त्यावर बऱ्याच जणांची आयुष्ये सुखात गेली आहेत. शाळेत कोणी सांगत नाही ते हे, की या दोन्ही ओळींच्या मागे कावेरीकाठचे तलकाड उभे आहे. चावुंडराय ज्या गंग राजांचा मंत्री, त्यांची राजधानी तलकाड. आणि गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती. त्यानेच १११६च्या सुमारास चोळांच्या हातून तलकाड घेतले. गोमटेश्वराच्या पायाशी चावुंडरायाची ओळ कन्नड आणि तमिळमध्येही आहे. यात्रेकरू तिन्ही मुलखांतून यायचा, म्हणून तिन्ही भाषा असाव्यात.

आजचे तलकाड म्हणजे वाळू आणि वाळूखालची देवळे. अलमेलम्मा नावाच्या बाईने शाप दिला आणि गाव वाळूत गाडले गेले, अशी कथा म्हैसूर भागात लहान पोरही सांगते. वाळूतून वर काढलेल्या शिळांवर कन्नड दिसते तसे तमिळही, कारण मधल्या काळात चोळांनी या गावाला राजराजपूर करून टाकले होते. त्याच्याही आधी, सहाव्या शतकातला गंग राजा दुर्विनीत याने पैशाची या प्राकृत भाषेतली बृहत्कथा संस्कृतात आणली, असे त्या घराण्याचे ताम्रपट सांगतात. ती बृहत्कथा रचणारा गुणाढ्य परंपरेने आपल्या पैठणच्या सातवाहनांच्या दरबारातला. पैठणची गोष्ट कावेरीकाठी जाऊन संस्कृत झाली, तेव्हा कोणी भाषिक अस्मितेचा प्रश्न उपस्थित केल्याची नोंद नाही.

भाषांच्या या देवाणघेवाणीचा अभ्यास आता जिथे होतो ती जागाही जवळच: तलकाडहून पंचेचाळीसेक किलोमीटरवर म्हैसूर, आणि तिथल्या मानसगंगोत्री परिसरात सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन लँग्वेजेस. सगळे नुसते ‘सीआयआयएल’ म्हणतात. १७ जुलै १९६९ रोजी ही केंद्र सरकारची संस्था सुरू झाली, देबीप्रसन्न पट्टनायक तिचे पहिले संचालक. भाषाविज्ञान आणि भाषाशिक्षण यांवरच्या परिषदांचे भारतातले पक्के घर कोणते विचाराल, तर मी हेच सांगेन. पुण्याचा मान त्याहून जुना, पण त्याचे पुढे.

संस्थेचे मूळ काम परिषदा भरवणे नव्हेच. त्रिभाषा सूत्र कागदावर आले, पण तिसरी भाषा शिकवायला माणसे कुठे होती? म्हणून म्हैसूर, पुणे, भुवनेश्वर, पतियाळा अशी प्रादेशिक केंद्रे निघाली. पुण्याचे केंद्र डेक्कन कॉलेजच्या आवारात आहे. मराठी, गुजराती आणि सिंधी शिकवणारे. नोकरीतला शिक्षक आपल्या राज्याकडून पाठवला जातो आणि दहा महिने मुळाक्षरांपासून नवी भाषा शिकतो. बिहारचा हिंदी मास्तर पुण्यात राहून ‘ळ’ घोटतो, भाजीवाल्याशी घासाघीस करतो, वर्षअखेरीस मराठीत निबंध लिहितो. मोठ्या माणसाला परकी भाषा कशी येते, कुठे अडते, यावरचे भारतातले सर्वांत मोलाचे अनुभव या वर्गांत साठलेले आहेत. परिषदांत ते फारसे ऐकू येत नाहीत, ही माझी पहिली तक्रार.

परिषदांची परंपरा मात्र आपल्याच अंगणातली. पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद नोव्हेंबर १९१९मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेत भरली, अध्यक्ष रा. गो. भांडारकर. याच परिषदेच्या लाहोर अधिवेशनात १९२८ साली लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडियाचा जन्म झाला, आणि १९३५ साली परिषद म्हैसूरलाही आली. संस्कृत, पोथ्या, व्युत्पत्ती असा तेव्हाचा थाट. वळण लागले ते १९५४ पासून. डेक्कन कॉलेजचे संचालक सुमित्र मंगेश कत्रे यांनी रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने भाषाविज्ञानाचे वर्ग भरवले. देशभरचे तरुण अध्यापक पुण्यात जमले आणि पोथी बाजूला ठेवून समोरच्या माणसाचे बोलणे टिपायला शिकले. पुढे विद्यापीठांतून जे भाषाविज्ञानाचे विभाग निघाले, त्यांतल्या अनेकांची पहिली पिढी या वर्गांतून गेलेली.

आता परिषद प्रत्यक्ष चालते कशी ते सांगतो, कारण बाहेरच्याला ते हार-तुरे आणि पुलाव एवढेच वाटते. आधी आवाहन निघते. त्याला उत्तर म्हणून पानभराचा सारांश पाठवायचा, त्यावर नाव घालायचे नाही. परीक्षकांना लेखक कोण ते कळू नये, हा हेतू. निवड झाली की वीस मिनिटे पेपर, दहा मिनिटे प्रश्न. हातात एक पत्रक, म्हणजे हँडआउट. त्यात प्रत्येक उदाहरणाच्या तीन ओळी असतात. वर मूळ वाक्य, मधे प्रत्येक प्रत्ययाची फोड, खाली अर्थ. ‘मला भूक लागली’ असे मराठीत, तर कन्नडमध्ये ‘ननगे हसिवागिदे’. दोन्हीकडे भुकेलेला माणूस कर्ता न होता चतुर्थीत जाऊन बसतो, क्रियापद त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मग या वाक्याचा कर्ता कोण? एवढ्या प्रश्नावर दक्षिण आशियाई भाषांच्या परिषदांनी काही दशके काढली आहेत. मजा पेपरात नसते, नंतरच्या दहा मिनिटांत असते. मागच्या रांगेतला कोणी उठून म्हणतो, ‘आमच्याकडे असं बोलत नाहीत,’ आणि वीस मिनिटांची इमारत हलते.

अशाच एका परिषदेतून आपले एक गाव जगाच्या नकाशावर गेले. १९६८ साली जमैकात मिश्रभाषांवर परिषद भरली. तिचा ग्रंथ डेल हाइम्स यांनी १९७१मध्ये प्रसिद्ध केला. कॅरिबियन बेटांच्या भाषांनी भरलेल्या त्या ग्रंथात दोन लेख आपले निघाले. फ्रँकलिन साउथवर्थ यांनी मराठीच्या जन्मातच अशी सरमिसळ झाली असेल का, हा प्रश्न मांडला. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी लिहिले सांगलीजवळच्या कुपवाडवर. गावात जैन शेतकरी कन्नड बोलत, मुसलमान उर्दू, दलित आणि इतर काही मराठी. पिढ्यानपिढ्या शेजारी राहून या भाषांची शब्दसंपत्ती वेगळी राहिली, पण वाक्याचा सांगाडा जवळजवळ एक झाला. पाला कापून आणल्याचे एक साधे वाक्य त्यांनी तिन्ही भाषांत एकाखाली एक मांडले, तर शब्दाखाली शब्द, प्रत्ययाखाली प्रत्यय येत गेला. ‘जरा’ हा शब्द तर तिन्हीकडे तोच. तेव्हा तीनेक हजार वस्तीचे ते गाव आज सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत आहे, आणि भाषासंपर्क शिकणारा जगातला कुठलाही विद्यार्थी त्याचे नाव ऐकतोच. किती सांगलीकरांना हे ठाऊक आहे, देव जाणे.

म्हैसूरच्या संस्थेतही काळाबरोबर विषय बदलले. २००३ साली संगणकीय भाषाप्रक्रियेवरची ‘आयकॉन’ ही आंतरराष्ट्रीय परिषद तिथे झाली. त्याआधी नव्वदच्या दशकात सरकारी प्रकल्पातून भारतीय भाषांतल्या मजकुरांचे संग्रह, म्हणजे कॉर्पस, संगणकावर चढले. त्यांतले मराठी आणि गुजरातीचे काम डेक्कन कॉलेजने केले, दर भाषेला तीसेक लाख शब्द. २०१३ पासून दहा हजारांहून कमी लोक बोलतात त्या भाषांची नोंद करण्याची योजना म्हैसूरहून चालते. बुलढाण्यातल्या जळगाव जामोद भागातली निहाली ही तशीच एक, जिचे नाते कुठल्याही भाषाकुळाशी निर्विवाद जुळलेले नाही.

हे झाले चांगले. वाईट असे, की २०१०च्या यूजीसी नियमांनी अध्यापकांच्या बढतीला गुणांची पद्धत लावली आणि परिषदेत वाचलेल्या पेपरला गुण मिळू लागले. मग गावोगाव ‘राष्ट्रीय’ आणि ‘आंतरराष्ट्रीय’ परिषदांचे पीक आले. नोंदणी शुल्क भरा, पाच मिनिटांत वाचा, प्रमाणपत्र घ्या, एसटी पकडा. प्रश्नोत्तरे वेळेअभावी रद्द. वेळ कुठे गेला म्हणाल, तर उद्घाटनात. ज्या परिषदेत प्रश्नांची दहा मिनिटे कापली जातात ती परिषद नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी तक्रार याहून मोठी. २०२५ साली महाराष्ट्रात पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको यावर रान पेटले आणि सरकारला आदेश मागे घ्यावे लागले. कोणत्या वयात, किती तास, कशा पद्धतीने दुसरी-तिसरी भाषा मुलाला पेलते, हाच तर भाषा-अध्ययनाच्या संशोधनाचा गाभा. पण हे संशोधन परिषदांच्या ग्रंथांत इंग्रजीत पडून राहते आणि भांडण मात्र आपण मराठीत करतो.

जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर इथे जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. निपाणी-बेळगावकडे मराठी शाळा. घरी एक भाषा, फळ्यावर दुसरी, बाजारात तिसरी अशी मुले तिथले गुरुजी आणि बाई रोज शिकवतात. म्हैसूर आणि पुण्याच्या आयोजकांना विनंती एवढीच: पुढच्या परिषदेचे एक पूर्ण सत्र या शिक्षकांना द्या, त्यांच्याकडून नोंदणी शुल्क घेऊ नका, आणि त्यांना मराठीत किंवा कन्नडमध्ये बोलू द्या. दुभाषे म्हैसुरात मिळतात.