घाटांतील वीज आणि घरांतील संदेशतार

मावळच्या डोंगरांस विजेचा परिचय जुना आहे. लोणावळें, वळवण व शिरवता येथील तलावांचें पाणी घाटाखालीं खोपोलीस उतरवून टाटांच्या वीजगृहानें १९१५ सालीं वीज निर्माण केली व ती मुंबईस पोंचविली. १९२९ सालीं विजेची आगगाडी खंडाळ्याचा घाट चढून पुण्यापर्यंत आली. १ जून १९३० पासून ‘दख्खनची राणी’हि याच वाटेनें धांवूं लागली. ज्या ज्या मार्गावर अशी वीज येते, तेथें शेजारून जाणाऱ्या संदेशतारांचा प्रश्नहि उभा राहतो. आज तोच प्रश्न आपल्या माजघरापर्यंत येऊन ठेपला आहे.

मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं दाखवून दिलें कीं, एका तारेंतील प्रवाह बदलूं लागला म्हणजे भोंवतालचें चुंबकीय क्षेत्र बदलतें, आणि त्या क्षेत्रांत सांपडलेल्या दुसऱ्या तारेंत, ती पहिलीस न शिवतांहि, विजेचा दाब उत्पन्न होतो. तारा जितक्या जवळ, त्यांची समांतर वाट जितकी लांब आणि प्रवाहाचा पालट जितका जलद, तितका हा संसर्ग बळावतो.

घाटांत प्रारंभीं १,५०० व्होल्टचा, एकाच दिशेनें वाहणारा प्रवाह होता. आज २५,००० व्होल्टचा, सेकंदास पन्नास आवर्तनें करणारा प्रवाह आहे. अशा मार्गालगत उघड्या संदेशतारा मैलोगणती नेल्या, तर दूरध्वनींत खरखर होईलच. पण तारेस हात लावणाऱ्या कामगाराच्या जिवासहि धोका पोंचेल. म्हणून त्या धातूच्या आवरणांत जमिनीखालून नेतात, आणि अलीकडे प्रकाशतंतु वापरतात. हा तंतु कांचेचा. त्यांतून संदेश प्रकाशानें जातो, व विजेस तेथें शिरकावच नाहीं.

आतां घरांतील केबल पाहूं. तिच्यांत आठ बारीक तारांच्या चार जोड्या असून प्रत्येक जोडीस सुतळीसारखा पीळ असतो. या युक्तीचें पेटंट अलेक्झांडर ग्राहम बेल यांनीं १८८१ सालीं घेतलें. पिळामुळें दोन्ही तारा आळीपाळीनें जागा बदलतात. बाहेरचा उपद्रव दोहोंस बहुतेक सारखाच पोंचतो, आणि संदेश घेणारें यंत्र दोहोंतील फरक तेवढा वाचतें. दोघां भावांवर पाऊस सारखाच पडला, तर अधिक कोण भिजला हा वाद उरत नाहीं, तसेंच हें आहे.

परंतु पिळासहि मर्यादा आहे. विजेचे नवे दिवे व चार्जर यांत प्रवाह सेकंदास हजारों वेळां तोडला-जोडला जातो. यंत्र हलक्या प्रतीचें असल्यास त्याचा गोंगाट शेजारच्या केबलींत शिरतो. मग नातवाचा पाठ मध्येंच तुटतो, सुनेचें कचेरीचें काम अडतें, आणि आजोबांचें डॉक्टरांशीं चाललेलें बोलणें अर्धवट राहतें.

यास्तव घर बांधणाऱ्यांस आमची सूचना अशी आहे. विजेची तार व संदेशाची केबल एकाच नळींतून ओढूं नयेत. तसें केल्यानें गोंगाट तर वाढतोच, शिवाय विजेच्या तारेचें आवरण फाटल्यास २३० व्होल्टचा दाब थेट यंत्रांत, व त्यास शिवणाऱ्या मुलाच्या बोटांत, येऊं शकतो. दोहोंत वीतभर तरी अंतर असावें. एकमेकींस ओलांडावेंच लागलें, तर काटकोनांत ओलांडावें. जोडणी करतांना टोंकाशीं पीळ अर्ध्या इंचाहून अधिक उलगडूं नये.

मावळांत बंगल्यापासून फाटकापर्यंत किंवा एका इमारतीपासून दुसरीपर्यंत केबल नेण्याचा प्रसंग वारंवार येतो. वळवाच्या व परतीच्या पावसांत जवळपास वीज कोसळली, तरी तांब्याच्या अशा लांब तारेंत क्षणभर मोठा दाब उत्पन्न होऊन दोन्ही टोंकांचीं यंत्रें जळूं शकतात. तेथें प्रकाशतंतूच वापरावा.

कारागीर नळी वांचविण्यासाठीं दोन्ही तारा एकत्र ओढूं पाहील. भिंतीस गिलावा झाल्यावर ही चूक दुरुस्त करणें फार खर्चाचें होतें. म्हणून गिलाव्यापूर्वीं घरांतील कोणीतरी जाणत्या माणसानें नळ्या स्वतः मोजून पाहाव्या.