भिजलेली हॅट वाळवताना

पावसाचा सीन ठरला की बाकीच्यांना कोटाची काळजी लागते, मला हॅटची. कोट भिजला तर पिळता येतो, पंख्याखाली टांगता येतो, अर्धवट ओला असताना इस्त्री मारून पुन्हा नटाच्या अंगावर चढवता येतो. फेल्टच्या हॅटला यातलं काहीच चालत नाही. शिवाय पुढच्या शॉटला तिची कड आधीच्या शॉटमध्ये होती तितकीच कलती दिसावी लागते, नाहीतर कंटिन्युइटीवाला वही घेऊन उभाच असतो.

मी मुंबईत नाटक-सिनेमाच्या कपडेपटात काम करते. स्वातंत्र्याआधीच्या काळातली कथा असली की गोरे साहेब आले, क्रांतिकारक आले. पन्नासच्या दशकातली असली की नायक आला, स्मगलर आला. या सगळ्यांच्या डोक्यावर फेल्ट असते. टँकरच्या पाण्याचा पाऊस आणि जुलैतला खराखुरा पाऊस, दोन्ही झेललेल्या हॅट्स माझ्या हाताखालून गेल्या आहेत. त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे: हॅट भिजल्याने सहसा वाया जात नाही, घाईघाईने वाळवल्याने जाते. चांगल्या हॅटला पाण्याचं फारसं भय नाही. तिला भय आहे ते हेअर ड्रायरचं, हॅलोजनच्या लाइटचं आणि उन्हात उभ्या केलेल्या व्हॅनिटीच्या डॅशबोर्डचं.

हे पटायला फेल्ट कशी होते ते माहीत हवं. फेल्ट विणलेली नसते, तिच्यात उभे-आडवे धागे नसतात. लोकरीच्या प्रत्येक केसावर डोळ्यांना न दिसणारे बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि मळणं या तिन्ही गोष्टी एकदम मिळाल्या की ते एकमेकांत अडकतात, केस गुंततात आणि गुंता आवळत जातो. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळून धुतला की बाळाच्या मापाचा होऊन बाहेर येतो, तीही फेल्टच, नकळत झालेली. काश्मीरचा नमदा याच रीतीने होतो. आपल्याकडे कोल्हापूर भागात दख्खनी मेंढीच्या लोकरीचं जेन करतात, तेही न विणता, लोकर ओली करून, लाटून आणि दाबून. हॅटसाठी याच फेल्टचा आधी एक शंकू करतात, त्याला भरपूर वाफ देतात आणि तो मऊ असतानाच लाकडी साच्यावर ओढून बसवतात. साच्यावर तो वाळला की माथा तयार, कड तयार.

म्हणजे हॅटचा जन्मच ओलीतून आणि वाफेतून होतो. ती पुन्हा चिंब भिजली की साच्यावर चढण्याआधीच्या अवस्थेकडे परत जाऊ लागते. त्या घडीला ती ज्या आकारात ठेवाल, त्याच आकारात वाळते. खुर्चीवर फेकली तर खुर्चीवर पडलेल्या आकारात.

सगळ्या फेल्ट मात्र एका जातीच्या नसतात. मेंढीच्या लोकरीची फेल्ट स्वस्त. ती पाणी लवकर पिते, मऊ पडते आणि वाळताना आकसते. ससा किंवा बीव्हर यांच्या अंगावरच्या बारीक मऊ केसांची फेल्ट कितीतरी दाट असते, पाण्याचा थेंब तिच्यावर बराच वेळ नुसता बसून राहतो. बीव्हरची सगळ्यांत घट्ट. तिच्या हौसेपायी युरोपातले आणि मग उत्तर अमेरिकेतले बीव्हर जवळजवळ संपत आले होते. जॉन स्टेटसनने १८६५ साली फिलाडेल्फियात हॅटचा कारखाना काढला. त्या कंपनीच्या हॅटमध्ये आतल्या अस्तरावर एक चित्र छापलेलं असे: एक काउबॉय गुडघा टेकून बसला आहे आणि आपल्या हॅटमधलं उरलंसुरलं पाणी घोड्याला पाजतो आहे. लोन मेगार्गी नावाच्या चित्रकाराचं ते चित्र. जाहिरात होती हे खरं, पण केसांच्या फेल्टची ताकद त्यात नेमकी दिसते. आमच्याकडे भाड्याने येणाऱ्या हॅट्स बहुतेक लोकरीच्या असतात. त्यांत कोणी घोड्याला पाणी पाजायला जाऊ नये.

हॅटच्या ताठपणात आपल्या मातीतली एक गोष्ट आहे आणि मला तिचं फार अप्रूप वाटतं. ती म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे वस्ती करतात आणि स्वतःभोवती राळेसारखा थर तयार करतात. तो खरवडून, धुऊन, गाळून चपडा होतो. सुतारकामातल्या फ्रेंच पॉलिशमध्ये घालतात तोच. लाखेचं उत्पादन आजही मुख्यतः भारतात होतं, झारखंड आणि छत्तीसगडमध्ये सर्वांत जास्त. युरोपातले हॅट करणारे हाच चपडा विरघळवून फेल्टमध्ये मुरवत असत. लंडनच्या लॉक अँड कंपनीच्या सांगण्यावरून १८४९ मध्ये पहिली बोलर हॅट तयार झाली. चार्ली चॅप्लिनच्या डोक्यावरची गोल, कडक टोपी ती हीच. तिचा तो कडकपणा चपड्याचा. आपले धनगर घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, त्यामागचा विचारही काहीसा असाच असतो. लोकर मुळात मऊ, तिला अंग धरायला काहीतरी पाजावं लागतं.

लाखेचा स्वभाव कळला की हॅट का बिघडते तेही कळतं. लाख साध्या पाण्यात विरघळत नाही. ओल लागली तर कधी कधी पांढुरकी दिसते, पण जागा सोडत नाही. उष्णता मात्र तिला सोसत नाही. साधारण ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास ती वितळायला लागते, आणि हेअर ड्रायर जवळ धरला तर तेवढी गरम हवा सहज मिळते. मग कडेचा एक भाग लुळा पडतो, शेजारचा ताठ राहतो आणि कड लाटेसारखी वर-खाली होते. शिवाय एका बाजूने भराभर वाळणारी फेल्ट त्या बाजूने जास्त आवळते. दोन्ही मिळून हॅटचं तोंड वाकडं होतं. लोकरीच्या स्वस्त हॅटमध्ये लाखेऐवजी पुष्कळदा सरस असतो. तो तर पाण्यातच सैल होतो. म्हणून ती हॅट सीन चालू असतानाच नटाच्या कानांवर लोंबायला लागते.

आता हॅट प्रत्यक्ष भिजून हातात येते तेव्हा काय करायचं ते सांगते. माझ्याबरोबरच्या ड्रेसदादांनी हे काम माझ्याआधी कितीतरी वर्षं केलेलं आहे आणि हे मी त्यांच्याकडूनच शिकले. ‘कट’ म्हटलं की ते धावत सेटवर जातात आणि नटाला हॅट काढूच देत नाहीत. स्वतः काढतात, कडेला पुढून आणि मागून धरून, दोन्ही हातांनी. आपल्याला माथ्यावरच्या दोन खळग्यांत बोटं घालून हॅट उचलायची सवय असते. कोरड्या हॅटचंही त्याने हळूहळू नुकसान होतं. ओल्या हॅटचा तर तो चिमटा तिथल्या तिथे दबून चेपतो. मग हॅट उलटी न करता ते तिला एकदोन हलके झटके देतात आणि स्वच्छ, पांढऱ्या पंच्याने पाणी टिपतात. पुसत नाहीत, टिपतात. ओली फेल्ट चोळली की तिचे केस पुन्हा गुंतायला लागतात आणि त्या जागी गुठळ्या धरतात. पंचा पांढराच हवा. रंगीत पंच्याचा रंग करड्या हॅटवर उतरला तर तो निघणं कठीण.

त्यानंतरचं काम बाहेरचा कोणी करत नाही, आणि तेच सगळ्यांत महत्त्वाचं. हॅटच्या आत डोक्याला टेकणारी चामड्याची पट्टी असते. ती पूर्ण बाहेर उलटी काढायची. चामडं वाळताना आकसतं, आणि आकसताना आपल्याबरोबर फेल्टलाही आत ओढतं. ‘हॅट भिजली आणि लहान झाली’ अशी तक्रार येते तेव्हा निदान केसांच्या हॅटमध्ये तरी पट्टीनेच ती आवळलेली असते. पट्टी बाहेर काढली की तिच्या मागची जागाही वाळते, नाहीतर पाणी तिथेच कोंडून राहतं आणि वास धरतं. उलटलेल्या पट्टीवरच हॅट टेबलावर उभी करायची, म्हणजे कड कशालाही टेकत नाही. माथा फार भिजला असेल तर त्याच्या खाचा आतून बोटांनी हळूच बाहेर ढकलून माथा गोल करायचा, निम्मा सुकल्यावर पुन्हा पाडायचा. आत काही भरायचं असेल तर पांढरी मलमल भरावी. वर्तमानपत्र नको, शाई उतरते.

आणि मग थांबायचं. पंखा लांबून चालेल. ऊन नको, हीटर नको. मुंबईच्या पावसाळी हवेत दोन-दोन दिवस लागतात, आणि हेच कुणाला पटत नाही. प्रॉडक्शनमधला पोरगा दर दहा मिनिटांनी येऊन विचारतो, “ताई, झाली का?” ड्रेसदादा त्याला शांतपणे चहाला पाठवतात.

वाळलेल्या हॅटवर थेंबांचे डाग दिसतात, तेव्हा लोक घाबरतात. तो बहुतेक वेळा फेल्टचा दोष नसतो. थेंबाने हॅटवरची धूळ कडेला लोटली आणि पाणी उडून गेल्यावर तिचं कडं राहिलं, इतकंच. टँकरचं पाणी बोअरचं असेल तर क्षारही उरतात, ते काळ्या हॅटवर पांढरे उमटतात. पूर्ण वाळल्यावर मऊ केसांच्या ब्रशने झाडायचं. हॅट वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, कारण बहुतेक हॅट्सची लव त्याच दिशेने बसवलेली असते. तरीही कडं राहिलं तर किटलीच्या वाफेवरून हॅट वीतभर अंतराने फिरवायची आणि लगेच ब्रश करायचा. नुसत्या डागावर वाफ दिली तर डागाच्या जागी मोठं कडं येतं, म्हणून सगळ्या हॅटला सारखी वाफ. चिखल उडाला असेल तर ओला असताना हात लावू नये. वाळून त्याचा चुरा झाला की तो झाडल्याने जातो. काळ्या हॅटचा ब्रश वेगळा, फिकट हॅटचा वेगळा ठेवावा. वाकडी झालेली कडही वाफेनेच मऊ करायची, हाताने सरळ करून, धरून ठेवून थंड होऊ द्यायची. हॅट आणि वाफ यांचं नातं असं जुनं आहे, फक्त वाफ ओली असते आणि ड्रायरची हवा कोरडी, हा फरक विसरता कामा नये.

पाणी झटकणारे सिलिकॉनचे स्प्रे मिळतात. हलका हात आणि मोकळी जागा असेल तर ते उपयोगी पडतात. आधी चामड्याच्या पट्टीमागे, न दिसणाऱ्या जागी मारून बघावा, कारण काही रंग त्याने गडद होतात. सरींचा मारा असेल तर स्प्रेवर विसंबू नये. अमेरिकेत पोलिसांच्या आणि गुरं राखणाऱ्यांच्या हॅटवर चढवायला इलॅस्टिकचं पारदर्शक प्लास्टिकचं आवरण मिळतं. कॅमेऱ्यासमोर ते चालत नाही, पण सेटवर ये-जा करताना, रिहर्सलला, मोटरसायकलवरून हॅट आणताना त्याच्यासारखं दुसरं काही नाही. काम झालं की ते काढायचंच.

पावसाळ्यात न भिजलेली हॅटही ओल पकडते, कारण लोकर हवेतलं बाष्प ओढून घेते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या हॅटवर आषाढात बुरशीची पांढरी साय आलेली मी पाहिली आहे. सुती पिशवी, पुठ्ठ्याचा मोठा खोका, त्यात सिलिकाच्या पुड्या, आणि हॅट माथ्यावर उलटी, म्हणजे कडेवर भार पडत नाही. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या फडक्यात बांधून ठेवते, फेल्टला चिकटवून नाही. सलग उघाड मिळाली की सगळी खोकी उघडून हॅट्सना सावलीत वारा देते.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. पुष्कळ घरांत पणजोबांची काळी फेल्ट टोपी किंवा कुणी विलायतेहून आणलेली हॅट ट्रंकेत असते आणि आम्हाला लोक ती प्रेमाने देऊ करतात. पूर्वी सशाचे केस फेल्टसाठी तयार करताना पाऱ्याचं संयुग वापरत. ते काम करणाऱ्या कारागिरांचे हात थरथरत, मन भ्रमिष्ट होई. अमेरिकेत हा वापर १९४१ मध्ये बंद झाला. जुन्या हॅट्समध्ये पारा अजून सापडतो. हॅट नेमकी कुठली आणि केव्हाची हे घरी क्वचितच कळतं, म्हणून असल्या हॅटला बंद खोलीत वाफ देऊ नका, उघड्या हातांनी चोळू नका, मुलांना डोक्यावर घालून खेळायला देऊ नका. मी तिचे फोटो काढते, मापं घेते आणि तशी नवी बनवून घेते. जुनी कागदात गुंडाळून, खोक्यात घालून परत करते.

निर्मात्यांकडे माझं एकच मागणं असतं. पावसाचा सीन असेल त्या पात्राच्या एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या तीन हॅट्स बजेटमध्ये धरा: एक कोरड्या शॉटसाठी, एक भिजायला आणि एक, आधीची टेबलावर वाळत असताना, पुढच्या टेकला.