लांकूड कांतण्याच्या यंत्राची बैठक

पेरणीच्या तोंडावर तिफणीचें चाडें उकलावें, किंवा ऐन खुरपणींत खुरप्याची मूठ निघावी, आणि तेवढ्यासाठीं एक दिवस मोडून तालुक्याच्या गांवीं जावें लागावें, हा अनुभव आमच्या कळमनुरीकडील पुष्कळ शेतकरी बंधूंस असेल. म्हणून ज्यांच्या बांधावर बाभळी आहेत व हातास थोडी सवय आहे, त्यांनीं विजेवर चालणारें लहान कांतयंत्र, म्हणजे लेथ, घेण्यास हरकत नाहीं. यंत्र विकत मिळतें. त्याची बैठक मात्र बहुधा घरींच करावी लागते, आणि तेथेंच हयगय होते.

जुना कांतारी जमिनीवर बसून काम करी. लांकूड दोन टोंकांमध्यें धरून दोरीनें फिरवावयाचें, व हत्यारास पायाचा आधार द्यावयाचा. पृथ्वीच त्याची बैठक होती. उभ्यानें चालविण्याचें यंत्र पायांवर चढलें कीं तें वजन आपणांस पुरवावें लागतें. ओबडधोबड ओंडका फिरूं लागला म्हणजे एका अंगास ओढ घेतो, आणि वेग दुप्पट केल्यास ही ओढ चौपट होते. हलकी बैठक अशा वेळीं नाचूं लागते. पटाशी लांकडांत रुतते व हातास इजा होते.

तेव्हां बैठकीस वजन हवें. चार पाय वाळलेल्या बाभळीचे, चार इंच जाडीचे, खालीं थोडे फांकलेले असावे. आडव्या पट्ट्यांचीं कुसें पायांतील भोंकांतून आरपार काढून बाहेरून पाचर ठोकावी. खिळ्यांवर विसंबूं नये. ओलें लांकूड वापरल्यास सांधे चार महिन्यांत ढिले पडतात. खालच्या पट्ट्यांवर चार फूट लांब, एक फूट रुंद व सहा इंच खोल पेटी बसवून ती कोरड्या वाळूनें भरावी. एवढ्या वाळूचें वजन सुमारें नव्वद किलो भरतें, आणि ती हादराही गिळते. वाळूऐवजीं शेतांतील माती भरूं नये.

आमचा तालुका १९९९ सालीं परभणींतून निघून नव्या हिंगोली जिल्ह्यांत गेला. दप्तरें हललीं, पण काळी जमीन तीच राहिली. ती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. म्हणून पाय जमिनींत पुरणें व्यर्थ होय. दोन फूट काळी माती काढून मुरूम धुमसावा, वर दगडी फरशी घालावी, व जो पाय अधांतरीं राहील त्याखालीं पाचर द्यावी. तीन पायांची घोडी डुलत नाहीं खरी, पण ती कलंडते; मला ती पसंत नाहीं.

उंचीचें माप गजापेक्षां स्वतःच्या अंगावर घ्यावें. सरळ उभें राहून हात कोंपरांत वांकवावा. लांकडाचा मध्य त्या कोंपराच्या पातळीस आला पाहिजे. यंत्राच्या तळापासून मध्यापर्यंतचें अंतर त्यांतून वजा केलें कीं बैठकीची उंची निघते. घरांत दोघे काम करणारे असल्यास उंच माणसाचें माप धरावें व ठेंगण्यानें पायांखालीं फळी घ्यावी. ओणव्यानें काम करणारा तासाभरांत कंबर धरून बसतो.

कोंकणांत सावंतवाडीस कांतकाम व लाखेचे रंग यांची कला नांवाजलेली आहे. आपणांस तेवढ्या नाजूकपणाची गरज नाहीं. नवा ओंडका नेहमीं मंद वेगानें लावावा. धोतराचा सोगा, उपरणें व सैल बाही आवरून घ्यावी, आणि पहिल्या पंधरवड्यानंतर सर्व पाचरी एकदां पुन्हां ठोकून पाहाव्या.