धावा झाल्या, करंडक कुठाय?

कोल्हापुरात फुटबॉलचा संघ निवडावा लागत नाही. ज्या पेठेत वाढलो, तिथल्या तालमीचा संघ आपला. क्रिकेटचं तसं नाही. रणजी सुरू झाली की इथला माणूस 'मुंबईचं काय झालं?' असं विचारतो. मुंबई वेगळी, महाराष्ट्र वेगळा, हे दर हंगामात कुणाला तरी नव्यानं सांगावं लागतं. अशा गावात महाराष्ट्राची बाजू धरून बसलेल्या आम्हा मोजक्यांच्या पदरात गेल्या डझनभर वर्षांत काय पडलं, त्याचा हा मागोवा.

बाजू धरायला कारण घरचंच आहे. भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम हाताशी आला होता, पण मधल्या सुट्टीनंतर काठियावाडचा संघ मैदानात उतरलाच नाही. त्यांचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी सामना सोडून दिला. निंबाळकरांना कसोटी कधी मिळाली नाही. २०१२ मध्ये ते कोल्हापुरातच वारले. संघाचा रणजी करंडक तर त्या खेळीच्याही आधीचा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ अशी सलग दोन वर्षं तो जिंकला, त्यानंतर आजवर नाही.

२०१३-१४ चा हंगाम मात्र आठवला की अजून छाती फुगते. उपांत्यपूर्व सामना वानखेडेवर, समोर चाळीस वेळा रणजी जिंकलेली मुंबई. पहिल्या डावात १२२ धावांनी आपण मागे. दुसऱ्या डावात आपल्या गोलंदाजांनी मुंबईला १२९ धावांत गुंडाळलं. मग २५२ धावांचा पाठलाग करताना केदार जाधव नाबाद १२० आणि कोवळा विजय झोल नाबाद ९१. आठ गडी राखून विजय! इंदूरला उपांत्य सामन्यात बंगालचा पहिला डाव ११४ धावांत आटोपला, तोही सामना दहा गड्यांनी जिंकला. हैदराबादच्या अंतिम सामन्यात कर्नाटकनं ५१५ धावा चोपल्या आणि सात गड्यांनी करंडक नेला. केदारच्या त्या हंगामात बाराशेवर धावा झाल्या, पण आपल्याला अंतिम फेरीत नेलं ते १२९ आणि ११४ या आकड्यांनी.

त्यानंतरची वर्षं बघा. ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्लीविरुद्ध स्वप्निल गुगळे नाबाद ३५१, अंकित बावणे नाबाद २५८, भागीदारी अभेद्य ५९४ धावांची. रणजीतली ती तोवरची सर्वात मोठी भागीदारी. संगकारा-जयवर्धनेच्या जागतिक विक्रमाला तीस धावा कमी असताना कर्णधार गुगळेनं डाव घोषित केला. आम्ही कॉलर ताठ करून फिरलो. पण उत्तरादाखल रिषभ पंतनं ३०८ ठोकल्या, दिल्ली ५९० पर्यंत पोचली आणि सामना अनिर्णित राहिला. पहिल्या डावाच्या आघाडीवर समाधान.

२०२२ च्या विजय हजारे स्पर्धेत ऋतुराज गायकवाडनं उत्तर प्रदेशविरुद्ध नाबाद २२० केल्या, एकाच षटकात सात षटकारांसह. उपांत्य सामन्यात १६८, अंतिम सामन्यात १०८. यापेक्षा एका माणसानं आणखी काय करायचं? सौराष्ट्रच्या शेल्डन जॅक्सननं नाबाद १३३ करून करंडक उचलून नेला. जानेवारी २०२५ मध्ये त्याच स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात विदर्भानं आपल्याविरुद्ध ५० षटकांत तीन बाद ३८० केल्या. आपण ३११ केल्या आणि हरलो. ३११ करून हरणाऱ्या संघाच्या फलंदाजांना दोष कसा द्यायचा? त्याच विदर्भानं २०१७-१८ पासून तीनदा रणजी जिंकली, हे जास्त झोंबतं.

मधल्या काळात महाराष्ट्र प्रीमियर लीग आली आणि कोल्हापूर टस्कर्स नावाचा आपला संघही झाला. सामने मात्र गहुंज्यात. २०२३ मध्ये टस्कर्स अंतिम फेरीत गेले. पावसानं सामना पुरा होऊ दिला नाही आणि गुणतक्त्यात वर असलेल्या रत्नागिरीला विजेतेपद मिळालं. त्या स्पर्धेतून अर्शीन कुलकर्णी पुढं आला. गोलंदाजी करतो, पण गाजला तो ११७ धावांच्या खेळीनं.

२०२५-२६ च्या रणजीची सुरुवात मात्र वेगळी वाटली. तिरुवनंतपुरमला केरळविरुद्ध मुंबईहून आलेला पृथ्वी शॉ, अर्शीन, सिद्धेश वीर आणि कर्णधार बावणे, चौघांनाही भोपळा फोडता आला नाही. चार बाद पाच! ऋतुराजनं ९१ आणि केरळसाठी वर्षानुवर्षं खेळून आपल्याकडं आलेल्या जलज सक्सेनानं ४९ करून २३९ पर्यंत नेलं. एरवी अशा धावसंख्येवर आम्ही आशा सोडली असती. पण केरळला २१९ मध्ये रोखलं आणि वीस धावांची आघाडी मिळवली. सामना अनिर्णित राहिला, तरी माझ्या लेखी दशकभरातली ती मोलाची आघाडी. पुढं चंडीगढविरुद्ध शॉनं २२२ धावा केल्या. त्याची चर्चा गावभर झाली; १४४ धावांनी सामना जिंकून देण्यासाठी वीस बळी कुणी घेतले, हे मात्र कुणी विचारलं नाही.

आमच्या संघाचं दुखणं तेच आहे. निंबाळकरांपासून ऋतुराजपर्यंत फलंदाजांची कमतरता आपल्याला कधीच नव्हती. समद फल्लाहसारखा हंगामभर खांदा न टाकणारा गोलंदाज निवडा, सांभाळा, त्याला पुरेशी षटकं द्या, मग करंडकाचं बोलू. आणि कोल्हापूरकरांना एकच विनंती: पुढच्या सामन्याला धावफलक उघडाल तेव्हा शतक कुणाचं ते नंतर बघा, आधी बळी कुणी घेतले ते बघा.