बाळ अंगावर पिताना कुरकुर करतंय?

● भूक आधी ओळखा : तोंड उघडून मान वळवणे, मुठी चोखणे ही सुरुवातीची खूण, रडणे ही उशिराची. रडत्या बाळाला आधी छातीशी धरून शांत करा, मग पाजा.

● पकड तपासा : नुसते स्तनाग्र नव्हे, भोवतीचा काळा भागही तोंडात हवा. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला असावा.

● पान्हा जोरात येत असेल तर : बाळ ठसकते, स्तन सोडते. मागे रेलून बसा, मध्येच ढेकर काढा.

● थंडीत : नाशिकच्या गारठ्यात दुपट्यांत घट्ट गुंडाळलेले बाळ पिता पिता झोपी जाते. पाजताना एक थर कमी करा, त्वचेला त्वचा लावून वरून शाल घ्या.

● दूध पुरतंय ना? : 24 तासांत 8 ते 12 वेळा पाजणे आणि पाचव्या दिवसानंतर किमान 6 वेळा लघवी, म्हणजे बहुधा पुरतंय. संध्याकाळी सारखे मागणे स्वाभाविक आहे. पाणी, मध, घुटी नको.

● मदत : दवाखान्यातील बाळंतपणानंतर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी घरी येतात. ताप, अंग गार पडणे, धाप किंवा दूध ओढणे बंद झाल्यास लगेच 108वर फोन करा.