तळ्याच्या अलीकडे

मे-जूनमध्ये आमच्या ओपीडीत जुलाब-उलट्या आणि ऊन लागलेल्या रुग्णांच्या रांगेत आणखी एक जण हमखास असतो. 'डॉक्टर, मनालीला चाललोय, काही गोळ्या लिहून द्या' असं म्हणणारा. उंचीवरच्या त्रासाबद्दल मी अशांना वर्षानुवर्षं ऐकवत आले. मागच्या जूनमध्ये तेच मला स्वतःला ऐकवायची वेळ आली.

मनालीहून रोहतांगकडे जाणाऱ्या रस्त्यावर गुलाबा लागतं. तिथून गवताळ कुरणं चढत गेलं की सुमारे ४,२०० मीटर उंचीवर भृगू तलाव आहे. भृगू ऋषींनी इथे तप केलं, असं स्थानिक लोक मानतात. धडधाकट माणूस पहाटे निघून संध्याकाळी परत येऊ शकतो. ह्यांचा गुडघा दुखत होता, म्हणून मी एकटीच निघाले. वय ५४, तीनदा कळसूबाई झालेलं, रोजचं चालणं. मनालीत फक्त एक रात्र काढली होती, पण आत्मविश्वास भरपूर.

चूक तिथेच होती. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे मनालीचा बाजार आपल्या सर्वोच्च शिखराहून उंच आहे! उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. सह्याद्रीत कितीही भटकलात तरी पायांना सराव होतो, रक्ताला नाही. उंचावर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण आपल्याइतकंच, २१ टक्के असतं. कमी होतो तो हवेचा दाब. तलावाच्या उंचीवर तो समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के भरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक हाती कमी लागतं. शरीर यावर उपाय करतं. श्वास वाढतो, मूत्रपिंडं रक्तातला आम्ल-अल्कलीचा तोल नव्याने सांभाळतात. पण त्याला काही दिवस लागतात, आणि तुम्ही व्यायाम करता म्हणून ते लवकर होत नाही. उलट दमदार माणूस भराभर चढतो आणि जास्त फसतो.

साडेअकराच्या सुमाराला डोकं जड झालं. तेव्हा मी ४,००० मीटरच्या आसपास असेन. मनात आलं, सकाळचा चहा नीट झाला नाही. मग वाटलं, बर्फावरच्या उन्हाची तिरीप असेल. पिशवीतली शेंगदाण्याची चिक्की काढली, तर वासानेच मळमळलं. तेव्हाही मी 'पाणी कमी प्यायले' असं म्हणून दोन घोट घेतले आणि पुढे निघाले. एखाद्या रुग्णाने हेच सांगितलं असतं तर मी अर्ध्या मिनिटात निदान केलं असतं. स्वतःसाठी मात्र कारणं शोधत होते.

मेंढ्या घेऊन बसलेला एक गद्दी मेंढपाळ म्हणाला, "बहनजी, बस आधा घंटा और." ही हाक फार गोड असते. (पहाडी माणसाचा अर्धा तास म्हणजे आपले दोन, हा भाग वेगळा.)

मी दगडावर बसले आणि रुग्णाला विचारतो तसं स्वतःला विचारलं. उंचीचा त्रास मोजायची एक सोपी पद्धत आहे. तिला कॅनडातल्या लेक लुईस या डोंगरी तळ्याचंच नाव आहे. डोकेदुखी, मळमळ किंवा उलटी, थकवा, चक्कर या चारांना प्रत्येकी शून्य ते तीन गुण द्यायचे. डोकेदुखी असेल आणि बेरीज तीन किंवा अधिक झाली, तर तो उंचीचा त्रास धरायचा. माझी बेरीज चार आली. मग सपाट जागा बघून एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याची बोटं लावत सरळ रेषेत दहा पावलं चालले. इथे तोल गेला, तर मेंदूला सूज येत असल्याची शंका घ्यायची. बसल्या जागी धाप लागली तर फुप्फुसात पाणी साठत असल्याची. दोन्हींत जीव जाऊ शकतो आणि दोन्हींत ताबडतोब खाली उतरावं लागतं. माझी पावलं सरळ पडली.

तरीही मन म्हणत होतं, 'अर्धाच तास'. एकट्याने जाण्यातला खरा धोका हाच आहे. ऑक्सिजन कमी पडला की विचारशक्ती मंदावते, आणि परत फिरायचं की नाही हे त्याच विचारशक्तीने ठरवायचं असतं. 'तुझा चेहरा उतरलाय' म्हणणारं शेजारी कुणी नसतं. नशिबाने आदल्या रात्री जेवताना मी ह्यांना सांगितलं होतं, की कुठेही असले तरी बाराला मागे फिरणार, सहापर्यंत फोन आला नाही तर हॉटेलवाल्याला उठवा. घड्याळात बाराला पाच कमी होते. मी फिरले.

उतरणं हे या त्रासावरचं सर्वांत खात्रीचं औषध. गुलाब्याच्या ठेल्यापाशी पोचेपर्यंत डोकं मोकळं झालं होतं आणि मी दोन प्लेट मॅगी खाल्ली. डोकेदुखीवर पॅरासिटामॉल घ्यायला हरकत नाही, पण ते घेऊन वर चढत राहणं म्हणजे आगीची घंटा बंद करून झोपणं. ॲसिटाझोलामाइडची गोळी त्रास टाळायला मदत करते. ती आदल्या दिवसापासून आणि डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगायची. कोविडनंतर घराघरात आलेला ऑक्सिमीटर बरोबर असू द्या, पण गार बोटावर तो काहीही दाखवतो. आकड्यापेक्षा डोकं आणि पोट काय सांगतंय ते ऐका. आपल्याकडच्या बायकांनी जाण्यापूर्वी हिमोग्लोबिन जरूर तपासावं. मुळात ऑक्सिजन वाहून नेणारंच कमी असेल, तर वर दम लवकर लागतो. रक्तदाबाची गोळी सहलीत विसरू नका, आणि पहिल्या रात्री दारू व झोपेची गोळी नको.

संध्याकाळी हॉटेलच्या पोऱ्याने मोबाइलवर तळ्याचा फोटो दाखवला. निळंशार पाणी, कडेला बर्फ. येत्या जूनला पुन्हा जायचं आहे. या वेळी मनालीत दोन रात्री, वाटेतल्या कुरणावर तंबूत एक, आणि ह्यांचा गुडघा साथ देणार नसेल तर धाकट्या बहिणीला घेऊन.