नातवाचा खोकला: पुन्हा डॉक्टरकडे कधी?

निपाणीत तंबाखूचा हंगाम आला की वखारीजवळच्या आमच्या घरात बारीक भुकटी येते. दीड वर्षाचा नातू खोकला की मी आधी झबलं वर करून छाती बघते. सर्दीनंतरचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. पोर खेळतंय, जेवतंय, तर धीर धरावा. पण निजलेल्या पोराचा श्वास मिनिटाला 40 किंवा जास्त झाला, बरगड्यांखाली खळगा पडू लागला, ओठ निळसर झाले, तर अर्ध्या रात्रीही जवळचं रुग्णालय गाठावं. शेंगदाणा खाताना ठसका लागून खोकला सुरू झाला, तरी थांबू नये. दोन आठवड्यांवर खोकला आणि सोबत ताप किंवा वजनात घट असेल, तर क्षयाची तपासणी हवी. चार आठवडे उलटले तर पुन्हा दाखवावंच. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याचं औषध देऊ नये, असं केंद्रानं ऑक्टोबर 2025 मध्ये बजावलंय. मागची बाटली काढू नका, बायांनो.